पन्नासपैकी पन्नास

६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. तुला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा वहिनीनं उचलला. पहिल्यांदा म्हणाली, "आई अंघोळीला गेल्यात." दुसऱ्यांदा म्हणाली, "झोपल्यात." तिसऱ्यांदा पुन्हा अंघोळीला. मी वेळा लिहून ठेवल्या आहेत : सकाळी साडेसात, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. तू माझ्यावर रागावली आहेस का? रागावली असशील तर कशावरून तेवढं कळव, म्हणजे मला सुधारता येईल. पत्र मला तसंही बरं पडतं. फोनवर माझी जीभ टाळ्याला चिकटते. पत्रात निदान खोडता येतं.

बातमी अशी, की आमच्या शाळेतल्या भाषेच्या सरांना गालगुंड झालं. दोन्ही बाजूंनी. त्यामुळे नववीची तोंडी सादरीकरणं अर्धवट राहिली. चिठ्ठीत निघेल त्या विषयावर प्रत्येकानं फळ्यासमोर चार मिनिटं बोलायचं असतं. अठ्ठावीस मुलं बाकी आहेत. बाकीच्या शिक्षकांनी अंग काढून घेतलं. मग मुख्याध्यापिका बाई प्रयोगशाळेत आल्या. मी परीक्षानळ्या पुसत होतो.

"परिचर, तुमचं अक्षर चांगलं आहे, नाही का?"

मी हो म्हणालो आणि अडकलो.

"बाई, माझी दहावीसुद्धा पुरी नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला कुठे बोलायचंय? बोलणार मुलं. तुम्ही तक्ता भरायचा. तक्त्यात सगळं दिलंय. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

तक्ता वरच्या कार्यालयातून आला आहे. दहा घरं, प्रत्येक घराला पाच गुण. ताठ उभं राहणं, श्रोत्यांकडे पाहणं, कागदात न पाहणं, हातवारे टाळणं, अडखळणं टाळणं, 'अं' आणि 'म्हणजे' टाळणं, घाई टाळणं, विषय सोडून न बोलणं, वेळ पाळणं आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचणं. मी तो सात वेळा वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

आत्या, माझी हंगामी नेमणूक ३१ ऑक्टोबरला संपते. कायमची जागा एकच आहे. काम चोख झालं तर बाई माझी शिफारस करणार आहेत. नाही झालं तर मी ट्रंक घेऊन तुझ्या माळ्यावर परत येणार, हे तुला आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
काट्या


११ ऑगस्ट

काट्या,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या त्या वेळांच्या वहीला एक धपाटा. दोनदा अंघोळ केली तर काय बिघडलं? मी स्वच्छ बाई आहे.

फोन बिघडलाय. आवाज पलीकडे जात नाही. मिस्त्री म्हणाला, आतली तार सुजली आहे, ऑक्टोबर उजाडेल. तोवर पत्रच लिही. माझा राग वगैरे काही नाही. तुझ्यावर रागवायचं म्हणजे भिंतीवर पाणी मारण्यासारखं. भिंत भिजते, आपण दमतो.

तर तू आता बोलणाऱ्यांना गुण देणार! माझ्या भाच्याला हे दिवस आले! मी बत्तीस वर्षं बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत माइकसमोर बसले. गाडी आली, गाडी लागली, गाडी रद्द. मला कोणी पन्नासपैकी गुण दिले नाहीत. लोक बरोबर गाडीत चढले की समजायचं, नीट बोललो.

पण तू हंगामी आहेस. हंगामी माणसानं शहाणपणा करू नये. बाई म्हणतात तसं डोकं बाजूला ठेव. तसंही तुझं डोकं काळजी करण्यापलीकडे काय करतं?

माळ्यावर वहिनीनं कांदे ठेवलेत. तेव्हा कायम होऊनच ये.

तुझी आत्या


२० ऑगस्ट

प्रिय आत्या,

नमस्कार. एक विचारू का? वहिनीचा आवाज मला त्याच फोनवर स्वच्छ येत होता. फोन माणूस बघून बिघडतो का? असो. तू राग नाही म्हणालीस, मी धरून चालतो.

कामाला लागलो. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो का हे कळावं म्हणून मी शेवटच्याच बाकावर बसतो. जवळ प्रयोगशाळेतलं सेकंदांचं घड्याळ आणि हातातली पितळी घंटा. चार मिनिटं झाली की एक टोल. पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त गुण एकतीस. एका मुलानं चौसष्ट वेळा 'म्हणजे' म्हटलं. दुसऱ्यानं 'माझा आवडता खेळ' बोलता बोलता करून दाखवला आणि भिंतीवरचा नकाशा खाली आला. हातवारे : शून्य.

परवा एक मुलगी आली. वर्गात तिला 'गुळणी' म्हणतात, मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प असते म्हणून. विषय निघाला, 'पाण्याची काटकसर'. ती फळ्यासमोर उभी राहिली. ताठ. दप्तरातून आणलेले कागद टेबलावर पालथे ठेवले. सगळ्या वर्गाकडे पाहिलं, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. आणि बोललीच नाही.

एक मिनिट गेलं. मुलं हसली, मग हसायची थांबली. तिसऱ्या मिनिटाला पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मला घाम फुटला; का ते तुला माहीत आहे. चार मिनिटं झाली, मी टोल दिला. ती म्हणाली, "धन्यवाद," आणि जागेवर जाऊन बसली. 'धन्यवाद' शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोहोचला.

मी तक्ता भरायला घेतला. ताठ उभी होती : पाच. पाहिलं : पाच. कागदात पाहिलं नाही, हातवारे नाहीत, अडखळली नाही, एकही 'म्हणजे' नाही, घाई तर अजिबात नाही. विषय सोडून एक शब्द बोलली नाही. वेळ, चार मिनिटं दोन सेकंद. आवाज : पाच. बेरीज पन्नास.

मी तीनदा बेरीज केली. मग प्रयोगशाळेत जाऊन कपाटातल्या सांगाड्यासमोर बसलो आणि घड्याळ लावून त्याचाही तक्ता भरला. त्याला पंचेचाळीस मिळाले. त्याचे फक्त आवाजाचे गेले. म्हणजे तक्ता दोघांना सारखाच लागू होतो, त्यात पक्षपात नाही. गुण देताना मी डोकं चालवलं नाही. तरी मला दोन रात्री झोप नाही. मी चुकलो का?

तुझा,
काट्या


२६ ऑगस्ट

काट्या,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले, की घशात कळ आली आणि वहिनी पाणी घेऊन धावली. सांगाड्याला पंचेचाळीस! अरे, मग त्यालाच वर्गप्रमुख करा.

तू चुकला नाहीस. घरं त्यांनी आखली, तू भरलीस. आणि खरं सांगू? त्या पोरीनं जगाचं मर्म ओळखलंय. सध्या मीही घरात तिच्यासारखेच गुण मिळवते आहे. परवा वहिनीची आई आली होती. दोन तास स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलली. मी नुसती मान हलवत होते. जाताना माझा हात धरून म्हणाली, "विहीणबाई, तुमच्यासारखं समजूतदार बोलणारं माणूस या घरात दुसरं नाही." आता गल्लीतल्या बायका सल्ला विचारायला येतात. मी त्यांच्याकडे बघते, त्या आपणच ठरवतात, आणि माझे आभार मानून जातात. एकीनं तर माझ्या सल्ल्यानं जावेशी समेट केला.

बत्तीस वर्षं घसा फोडून जे जमलं नाही, ते गप्प बसून तीन आठवड्यांत जमलं.

आत्या


१४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. एक तर तुझा टोमणा मला समजला. मी आठ-आठ दिवस पत्र लिहीत नाही म्हणून तू घरात गप्प असतेस, असंच ना? यापुढे वेळेवर लिहीन.

दुसरं, इथे सगळं हाताबाहेर गेलं आहे.

मी भरलेले तक्ते बाईंनी वर पाठवले. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. तक्ता निघाल्यापासून पन्नासपैकी पन्नास कोणालाच पडले नव्हते. बाईंनी ते पत्र चौकटीत लावलं. मुलांनी ते वाचलं आणि पुढच्या आठवड्यात अकरा जण ओळीनं येऊन चार-चार मिनिटं गप्प उभे राहिले आणि 'धन्यवाद' म्हणाले. अकरांपैकी नऊ जणांना पन्नास. एकानं नाक खाजवलं, म्हणून हातवाऱ्यांचे दोन कापले. एकाला हसू आलं.

आता इतर वर्गांतही हेच चालू आहे. शिक्षक खूश आहेत. गणिताच्या बाई मला जिन्यात भेटून म्हणाल्या, "परिचर, वीस वर्षांत वर्गात एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. तुमचं देव भलं करो." शाळेची सरासरी एकोणतीसवरून सत्तेचाळीसवर गेली.

गुळणीला 'आदर्श सादरीकरण' दाखवायला दुसऱ्या शाळांत नेतात. आत्तापर्यंत आठ शाळा झाल्या. गाडीतून नेतात, व्यासपीठावर उभी करतात, चार मिनिटांनी टाळ्या. परवा ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, काही सांगायचं आहे. तेवढ्यात बाई आल्या आणि म्हणाल्या, "अगं, बोलू नकोस उगाच. सवय मोडेल."

आणि आता खरं संकट. वरून परिपत्रक आलं आहे. ज्याला कायम व्हायचं असेल त्यानं 'माझे काम' या विषयावर समितीसमोर चार मिनिटं तोंडी सादरीकरण करायचं. याच तक्त्यावर. माझा दिवस १८ ऑक्टोबर.

आत्या, मी दहावीत काय केलं होतं ते तुला माहीत आहे. 'नमस्कार' म्हणालो आणि दार उघडून पळालो. आठ वर्षं झाली. अजून दाराची कडी हाताला थंड लागलेली आठवते. मी काय करू?

तुझा,
काट्या


२० सप्टेंबर

काट्या,

टोमणा कसला? तू सरळ रस्त्यावरही खड्डा आणून ठेवतोस.

तुझ्या संकटाला उपाय तूच शोधून ठेवलायस, आणि विचारतोयस मला! काखेत कळसा म्हणतात ते हेच. जा, ताठ उभा राहा, सगळ्यांकडे बघ, टोल पडला की 'धन्यवाद' म्हण. पन्नासपैकी पन्नास. ते 'नाही' कोणत्या तोंडानं म्हणतील? चौकट त्यांनीच भिंतीवर लावलीय. जगात पहिल्यांदाच परीक्षा तुझ्यासारख्याच्या मापानं शिवली आहे. घालून घे.

राहिलं दहावीचं. त्याचं काय एवढं? पळालास, पण तासाभरात सापडलास ना! शोधत वणवण फिरत बसण्यापेक्षा मी माइक लावला. स्थानकावरच नाही, बाजारापर्यंत ऐकू गेलं. सगळ्या गावानं तुला शोधलं. मला अजून त्याचा अभिमान आहे.

वहिनी विचारते, कांदे हलवू का माळ्यावरून? मी मानेनंच नाही म्हटलं.

आत्या


२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहितो आहे, शाई बदलून.

गुळणी परवा आली. मधली सुट्टी होती, बाई नव्हत्या. तिनं टेबलावर कागद आपटले. सतरा पानं. आणि बोलली. हळू, पण सरळ.

"दादा, तुम्ही मला पन्नास का दिले?"

"तक्त्याप्रमाणे," मी म्हणालो.

"मी गप्प राहायचं ठरवलं नव्हतं. मला बोलताच येईना. मला वाटलं, तुम्ही शून्य द्याल, मग सर बरे झाले की मला परत बोलायला मिळेल. आता मला कोणी बोलूच देत नाही. घरीसुद्धा. आई म्हणते, तोंड उघडलंस तर पन्नासचे एकोणपन्नास होतील."

मग ती पानं ठेवून निघून गेली. मी वाचली. आत्या, तिनं सतरा दिवस एका गळक्या नळाखाली बादली ठेवून थेंब मोजले होते. मिनिटाला एक्केचाळीस थेंब, दिवसाला किती बादल्या, वर्षाला किती, तेवढ्यात किती घरांचं भागेल. तारखा, वेळा, सगळं. इतकं नेटकं काम मी माझ्याशिवाय कोणाचं पाहिलं नाही. तो नळ कुठला, तर प्रयोगशाळेतला, डावीकडून तिसरा. माझा नळ. त्याच्या खालची बादली रोज मीच चिडून उचलून ठेवत होतो.

ती फळ्यासमोर उभी होती तेव्हा हे सगळं तिच्या तोंडात होतं, आणि मी शेवटच्या बाकावर बसून 'हातवारे टाळले : पाच' लिहीत होतो. तक्ता पुन्हा काढून पाहिला. दहा घरं आहेत. 'काय सांगितलं' हे घरच नाही.

म्हणून १८ तारखेला मी गप्प उभा राहिलो, तर मला पन्नास पडतील, मी कायम होईन आणि ती पोरगीही कायमची गप्प होईल. बोललो तर माझं काय होईल ते तुला माहीत आहे.

आता दुसरी गोष्ट. तू अभिमान म्हणालीस म्हणून लिहितो, एरवी लिहिली नसती. त्या दिवशी मी तुझ्याच काचेच्या खोलीमागच्या बाकाखाली बसलो होतो. तुझं बोलणं संपलं की तू बाहेर येशील, मग तुला सांगीन, असं ठरवून. तेवढ्यात माइकवर तू म्हणालीस, "कृपया लक्ष द्या. शाळेतून पळालेला दहावीचा मुलगा, काळी पँट, उजव्या खिशाला शाईचा डाग, जिथे असेल तिथून चौकशी खिडकीजवळ यावा." तीनदा म्हणालीस. सगळं स्थानक खिशांकडे बघायला लागलं. पुढे दोन महिने मी दिसलो की मुलं 'कृपया लक्ष द्या' म्हणायची. मी शाळेत परत गेलो नाही तो भाषणाला घाबरून नाही, आत्या. त्यामुळे.

यावर रागावू नकोस. आधीच फोनवर येत नाहीस.

तुझा,
काट्या


६ ऑक्टोबर

काट्या,

मला ठाऊक नव्हतं. आठ वर्षं मी लोकांना सांगत आले, की मी माझ्या पोराला आवाजानं शोधून काढलं. हरवलास तो त्याच आवाजानं, हे आज कळलं. चुकले रे. याला कोणतंही घर आखलेलं नसलं, तरी माझे गुण कापून टाक.

आता माझंही ऐक. फोन ठणठणीत आहे. सुजलेली तार माझ्या गळ्यातली. गाठ होती, साधीच निघाली, काढली. पण डॉक्टरांनी २० ऑक्टोबरपर्यंत एक शब्द बोलायचा नाही म्हणून बजावलंय. बोलले तर आवाज कायमचा फाटेल म्हणाले. तुला कळवलं असतं तर तू नोकरी टाकून उशाशी येऊन बसला असतास आणि मिनिटाला माझे श्वास मोजले असतेस. म्हणून मिस्त्री, म्हणून अंघोळ. पाटी-पेन्सिल घेऊन फिरते. रागाचं काहीही नव्हतं.

गप्प बसण्याची मोठी फुशारकी मारली तुझ्यापाशी. खरं म्हणजे फार वाईट वाटतं. लोक माझ्याकडे बघून स्वतःशीच बोलतात आणि मला शहाणी म्हणतात. परवा नातवानं गोष्ट मागितली. मी पाटीवर लिहिली. त्याला वाचता येत नाही.

१८ तारखेला मी येते. मागे बसेन. गप्प राहायचं की बोलायचं ते तू ठरव. मी सल्ले द्यायचं सोडलंय.

आत्या


१९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

काल तू परतीच्या गाडीनं निघून गेलीस आणि मी तुला नीट भेटलोसुद्धा नाही. तुझी पाटी बाकावर राहिली आहे. फडक्यात गुंडाळून ठेवली आहे, पुसलेली नाही.

मला काही आठवत नाही. 'नमस्कार' म्हणालो, ते आठवतं. मग कडी हाताला थंड लागली, ते आठवतं. त्यानंतरचं एकदम, मी चंचुपात्रातून पाणी पितो आहे आणि भाषेचे सर माझ्या पाठीवर थोपटत आहेत. मधे काय झालं? मी बोललो का? काय बोललो? किती सेकंद? इथे कोणाला विचारावं तर लोक नुसते हसतात. निकाल वरून येईल म्हणे.

तू सगळं पाहिलंस. क्रमानं लिही.

तुझा,
काट्या


२३ ऑक्टोबर

काट्या,

क्रमानं लिहिते. तुझ्यासारखं सेकंदात जमणार नाही.

समोर तिघे होते. तुमच्या बाई, वरून आलेले निरीक्षक आणि गालगुंडातून उठलेले तुमचे सर. बाजूला घंटा घेऊन एक वेणीवाली मुलगी बसली होती. आदर्श विद्यार्थिनी म्हणून तिला मान दिला होता म्हणे. तिला बघताच मी ओळखलं.

तू आलास. इस्त्री चांगली होती. 'नमस्कार' म्हणालास. मग गप्प. मला वाटलं, ठरवलं यानं, पन्नास घेणार. निरीक्षकांनी ओळीनं पाच-पाच लिहायला सुरुवातही केली. आणि तू वळलास, थेट दाराकडे. कडीला हात घातलास. तोच पाठमोरा पोरगा, तेच खांदे.

मी पाटीवर 'थांब' लिहिलं. पण तुझी पाठ होती. पाठीला पाटी दिसत नाही.

मग मी उभी राहिले आणि म्हणाले, "कृपया लक्ष द्या. दाराकडे निघालेले परिचर, जिथे असतील तिथून फळ्याजवळ परत यावेत. त्यांची गाडी अजून लागलेली आहे."

आवाज कसला, पत्रा घासल्यासारखा. पण शेवटच्या बाकापासून फळ्यापर्यंत पोहोचला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. यावेळी लोकांनी माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे नाही, तेवढं बरं झालं.

तू वळलास. हसलास, रडलास, दोन्ही अर्धं अर्धं. आणि बोलायला लागलास, तेही फळ्याकडे तोंड करून. म्हणालास, "परीक्षानळी धुतली आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. बाहेरून सगळ्याच चमकतात. उजेडाला धरून आत बघावं लागतं. माझं काम म्हणजे आत बघणं. आणि मी म्हणजे, अं, म्हणजे, या मुलीच्या वेळी आत बघितलंच नाही." मग खिशातून तिची सतरा पानं काढलीस आणि नळाचं सगळं वाचून दाखवलंस. मधेच म्हणालास, "सांगाड्याला पंचेचाळीस मिळाले. तो कायम साठ्याच्या नोंदवहीत आहे आणि मी हंगामी आहे. तरी मला त्याच्यासारखं व्हायचं नाही." बाईंनी कपाळाला हात लावला. तुझे हात पवनचक्कीसारखे फिरत होते. एक शाईची दौत गेली.

चार मिनिटं झाली तेव्हा मी त्या मुलीकडे बघितलं. तिनं घंटा उचलली. आतला गोळा मुठीत धरला आणि तशीच बसून राहिली. तू किती बोललास ते तिला विचार. माझ्या अंदाजानं अकरा मिनिटं.

डॉक्टर भडकले आहेत. आणखी सहा आठवडे बंदी घातलीय, आणि आवाज पहिल्यासारखा येणार नाही म्हणतात. न येऊ दे. बत्तीस वर्षांतली माझी ती सगळ्यांत चांगली घोषणा. माणूस बरोबर गाडीत चढला.

आत्या


१ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. आधी निकाल.

ताठ उभं राहणं शून्य, श्रोत्यांकडे पाहणं शून्य, कागदात न पाहणं शून्य. हातवारे शून्य, दौतीचा वेगळा उल्लेख आहे. वेळ शून्य. सगळं मिळून पन्नासपैकी सात. पाच आवाजाचे, पण ते निरीक्षकांनी चुकून तुझ्या आवाजाचे दिले असावेत असं मला वाटतं. विषयाचे दोन.

सातवर माणूस कायम होत नाही. मी ट्रंक भरायला काढली होती. पण सरांनी त्यांच्या प्रतीवर खाली पेन्सिलीनं एक अकरावं घर आखलं, त्यात 'काय सांगितलं' असं लिहिलं आणि पाच गुण दिले. सात अधिक पाच, पंचावन्नपैकी बारा. वरच्या कार्यालयाच्या यंत्रात पंचावन्न बसत नाही. म्हणून माझा निकाल नोंदवताच येत नाही. निकाल नाही, म्हणून मी अपात्रही नाही आणि पात्रही नाही. परवा पत्र आलं : 'पेन्सिलीच्या घराबाबत निर्णय होईपर्यंत जागा रिक्त ठेवण्यात येत आहे. परिचरांनी रिक्त जागेवर काम चालू ठेवावे.'

बाई म्हणाल्या, "अशा निर्णयाला चौदा-पंधरा वर्षं सहज लागतात. बसा निवांत." जाता जाता म्हणाल्या, "आणि तो नळ दुरुस्त करा."

केला. वायसर झिजला होता, पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून मी त्याच्यासमोर बसून थेंब मोजतो आहे. शून्य.

काल गुळणीनं सादरीकरण पुन्हा दिलं. सर आणि मी, दोघे शेवटच्या बाकावर. नऊ मिनिटं बोलली. अडखळली, कागदात पाहिलं, तीन वेळा विषय सोडून वरच्या मजल्याच्या टाकीवर गेली. टाकीही गळते आहे म्हणे. तक्त्याप्रमाणे एकोणीस पडले. पन्नासवरून एकोणीस! पायऱ्या दोन-दोन उतरत गेली. भिंतीवरची चौकट बाईंनी काढून घेतली, पण खिळा तसाच आहे.

डॉक्टरांच्या सहा आठवड्यांचा हिशेब केला. तोवर पत्रं लिहायची तर बारा होतील. म्हणून असं ठरवलं आहे. रविवारी सकाळी दहाला मी फोन करीन. वहिनीला सांग, तू अंघोळीला गेलेली नाहीस. तू नुसती कानाला लावून बस. मी बोलेन. 'अं' येईल, 'म्हणजे' येईल. नातवालाही जवळ घेऊन बस, त्याची गोष्ट राहिली आहे ना, ती मी सांगतो. एका सांगाड्याची आहे.

घड्याळ मी प्रयोगशाळेतच ठेवून येणार आहे.

तुझा,
काट्या